आमटीची चार मिनिटं

“सिस्टर, ती पिशवी काढा. मी ती उकळलीय.”

वायंगणकर सिस्टर हसायलाच लागल्या. “घैसासकाका, गेल्या आठवड्यात तुम्ही काखेत धरून शंभर पिशव्या वितळवल्या होत्या ना? आज उकळलीत?”

खाटेवरची तापाने फणफणलेली बाळंतीणही हसली. तिच्या हातात माझ्या फार्मसीतून आलेलं अँटिबायोटिक थेंब थेंब उतरत होतं.

हे औषध गोठलेलं येतं. मायक्रोवेव्हमध्ये मोजके सेकंद ठेवून मी ते वितळवतो. त्यात जेवणाचा डबा गरम करू नये, ही पाटीही माझ्याच अक्षरातली. आज भूक आवरेना म्हणून पिशवीशेजारी आमटी ठेवली आणि वेळ लावली ती आमटीची, चार मिनिटं. पिशवी चटका देतच बाहेर आली. नळाखाली गार केली, पुसली आणि वर पाठवून दिली. इतकं तापल्यावर औषधात दम उरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग आमटी तशीच टाकून मी पिशवीमागोमाग वॉर्डात आलो.

“खरं सांगतोय,” मी म्हणालो.

“शंभर पिशव्यांच्या वेळीही हेच म्हणाला होतात.”

मग मीच पुढे होऊन नळीवरची चकती फिरवली आणि थेंब बंद केले. सिस्टरांचं हसू मावळलं.

“आणि सकाळचा डोस?”

“तो नीट होता. सेकंद मोजून वितळवला होता मी.”

त्यांनी एकदा बाळंतिणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डॉक्टरांना फोन लावला.

“सर, हिला आज एकही डोस मिळालेला नाही, असंच धरा.”