शेवटच्या मॅचचा नवस

एकोडीची रक्षा घरबसल्या लॅपटॉपवर टायपिंगची कामं करते. यंदा तिच्याकडे अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमची जुनी कात्रणं आली, १९५१ सालच्या मोसमाची. रोज एक मॅच टाइप करायची आणि संध्याकाळी शेंगा सोलता सोलता सासूला, कुंताबाईंना, निकाल सांगायचा. टीम लागोपाठ आठ मॅच हरली, तसा कुंताबाईंना घास गोड लागेना.

"त्या पोरायले कोनी पोटभर जेवाले देते का नाही?" असं म्हणत त्यांनी शेवटच्या मॅचसाठी गावच्या देवीला, मातामायला, नारळ कबूल केला.

दुसऱ्या दिवशी रक्षा लॅपटॉपसमोरूनच ओरडली, "आई, जितले! सात-सहा!"

कुंताबाई डोक्यावर पदर घेऊन लगेच निघाल्या. रक्षाला हसू आवरेना. "अवो आई, ते तं १९५१ मंदीच जितले होते. तुमी नवस काल बोलल्या!"

कुंताबाई दारातच थबकल्या.


"मंग चाल ना बापा लवकर! मायनं आपलं काम इतक्या वर्साआधी करून ठेवलं, अन् आपला नारळ अजून दुकानातच हाये!"