खिळ्यावरचा बिल्ला

तळ्याकाठी गळ टाकायचा तर परवान्याचा बिल्ला फाटकावरच्या खिळ्याला अडकवायचा आणि निघताना काढायचा. खिळे रिकामे दिसले की राखणदार कुलूप लावतो. आज अंधारताना एका तरुणाने दोन बिल्ले काढले. "दुसरा कोणाचा?" मी विचारलं. "बायकोचा. रुसून बसलीय, येईल मागून. उशीर झाला तर परवाना रद्द होतो, काका." "तो परत लाव." "तुम्ही राखणदाराचे सासरे का?" तो हसला. मी म्हणालो, "गेल्या वर्षी मीही बायकोचा बिल्ला असाच काढला. भांडलो होतो, बहिणीकडे गेली असेल समजून घरी झोपलो. खिळे रिकामे, म्हणून इथेही कोणी शोधलं नाही. सकाळी पाण्यात सापडली." त्याचं हसू मावळलं. त्याने बिल्ला अडकवला आणि काठाकडे बघून हाक मारली. मग आणखी मोठ्याने. उत्तर आलं नाही. राखणदाराने कुलूप खाली ठेवलं आणि दोर उचलला.