दादूचं इंग्रजी

मुंबईच्या एका हॉटेलात कारकुनाची जागा निघाली, म्हणून मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेल्या माझ्या थोरल्या भावाला, दादूला मीच शिकवायला घेतलं. ओटीवर मी ऐटीत साहेब व्हायचे, इंग्रजीतून खोली मागायचे. तो वाकून "येस मॅडम" म्हणायचा.

"साहेबाला मॅडम म्हणतोस होय रे?" मी हसून लोळायचे.

जागा त्याला मिळाली. पनवेलात आळीभर मीच पेढे वाटले.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "मुंबयला याला भाकऱ्या कोन घालील? तू जा याच्यासंगं. शाला आता बस झाली."

मी दादूकडे पाहिलं. त्यानं हेडमास्तरांना द्यायचा कागद पुढे केला. "बघ गो, नीट लिवलाय का?"

माझं नाव शाळेतून काढण्याचा तो अर्ज इंग्रजीत होता आणि त्यात एकही चूक नव्हती.