नमुन्याचा हात

"ताई, तो रिपोर्ट आधी पालथा घाला," यकृताचे डॉक्टर म्हणाले. "यंत्राचं कौतुक मला सांगू नका. मी हात बघतो."

समोर बसड्रायव्हर बसला होता, शेजारी त्याची बायको, दाराशी त्याचा धाकटा भाऊ. येत्या सोमवारी हा भाऊ आपल्या यकृताचा तुकडा ड्रायव्हरला देणार होता. त्यानं रजा टाकली होती, स्वतःच्या बायकोची समजूत काढली होती. आणि आता डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशनची गरजच नाही.

डॉक्टरांची पद्धत साधी होती. रोग्याच्या तळव्याला आपला तळवा लावायचा आणि फरक बघायचा. निरोगी नमुना कायम हाताशी असावा, असं ते विद्यार्थ्यांना सांगत आणि स्वतःचा हात पुढे करत. तो हक्क त्यांनी कमावला होता. दारूचा थेंब नाही. रोज सकाळी जोर. जोरांनी हल्ली छाती इतकी भरली होती, की शर्टाची बटणं कुरकुरत. त्याबद्दल शिंप्यानं बोलणी खाल्ली होती. दाढीचं एक पातं त्यांना महिनोन्महिने पुरे. त्याला ते काटकसर म्हणत. शौक एकच, गोडाचा. ते चहात साखर घालत नसत, साखरेत चहा घालत.

"बायकांचं हार्मोन पुरुषातही थोडं असतं," डॉक्टर समजावू लागले. "यकृत ते रोज निकालात काढतं. यकृत थकलं, की ते मोरीसारखं तुंबतं. मग तळवे लाल होतात."

"दाढीही उगवेनाशी झालीय," ड्रायव्हर म्हणाला. "न्हावी रस्त्यात ओळख देत नाही."

"तुम्ही गप्प बसा हो," बायको म्हणाली. "पण डॉक्टर, रिपोर्टात ते हार्मोन वाढलंय म्हणून लिहिलंय."

"लॅबवाल्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली असेल. पहिल्यांदा आलात तेव्हा यांचा हात आणि माझा हात यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. दर खेपेला तो कमी होत गेला. आज बघा." डॉक्टरांनी ड्रायव्हरच्या हाताशेजारी आपला हात टेबलावर ठेवला. "आहे फरक?"

फरक नव्हता.

"मग ऑपरेशन रद्द करायचं?" भावानं विचारलं. त्याचा आवाज जरा हलका झाला होता.

"रद्दच करायचं. ताईंना अजून पटलेलं दिसत नाही. या, तुम्हीही ठेवा हात. घरच्या माणसाचा बघून तरी खात्री पटेल."

भावानं हात ठेवला. बायको तिन्ही तळव्यांकडे बघत राहिली. दोन लालभडक, एक फिकट. मग तिनं रिपोर्ट उचलून सुलटा केला.

"भावजी, रजा मोडू नका. सोमवारी तुम्ही यांना द्यायचंय," ती म्हणाली आणि डॉक्टरांकडे वळली. "तुम्हाला कोण देणार, डॉक्टर?"