चाकाखालचं लिंबू

हँडल मारताच छप्पन्न सालची गाडी धडधडत जागी झाली आणि दौलतमिस्त्रीच्या अंगावर काटा आला. दोन वर्षं खपून त्यानं इंजिनापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत एकेक पार्ट खोलून बसवला होता. आज गाडीच्या मालकीण अंजनाक्कांची पंच्याहत्तरी. त्यांनी पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि मागच्या ज्या सीटवरून नवरी होऊन आल्या होत्या, तिथंच जाऊन ऐटीत बसल्या.

मिस्त्रीनं पहिला गिअर टाकला. गाडी झोकात निघाली, पण मागं! लिंबं जिथल्या तिथं. गल्लीत हशा पिकला.

“आक्का, घोळ झाला,” मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. “अ‍ॅक्सलमधलं क्राऊनचं दातेरी चाक मी उलट्या बाजूला बसवलंय. पुढं जायचे सगळे गिअर आता मागं नेणार. परत खोलावं लागतंय.”

“आणि रिव्हर्स?” आक्कांनी विचारलं.

मिस्त्रीनं रिव्हर्स टाकून क्लच सोडला, आणि लिंबांचा चेंदामेंदा करत गाडी दिमाखात पुढं निघाली.

शिट्ट्यांच्या गदारोळात आक्का मागच्या सीटवरून ओरडल्या, “दौलत, देवळापर्यंत गिअर तेवढा बदलू नको!”