बियाला ठेवलेली काकडी

गच्चीवर पाय ठेवल्याठेवल्या आबांच्या काळजात चर्र झालं. वेलीवरची मोठी काकडी जागेवर नव्हती.

त्यांनी चष्मा सारखा केला, पानं बाजूला सारली, पाण्याच्या टाकीमागेही वाकून पाहिलं. जणू काकडी जरा पाय मोकळे करायला गेली होती! देठ मात्र होता. कापलेला, अजून ओला.

ती बियाची काकडी होती. दर वर्षी वेलीवरची सगळ्यात देखणी काकडी तोडायची नाही, पिवळीधमक होऊन पिकेपर्यंत तशीच राहू द्यायची आणि तिच्यातलं बी पुढच्या वर्षी पेरायचं, हा आबांच्या बायकोचा कायदा. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून पुडीत बी घेऊन आली होती, तेव्हापासून घरात बाजारचं बी म्हणून आलं नाही. "हिच्याकडे नुसतं बघायचं, लाळ गाळायची नाही," असं ती घरादाराला बजावायची. हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

या वर्षी ती स्वतःच नव्हती. डब्यात होतं नव्हतं तेवढं बी तिघांनी मिळून पेरलं. मुलानं माती कालवली, आबांनी एकेक बी बोटानं खोचलं, आणि पाण्याचं काम याच वर्षी घरात आलेल्या सुनेनं अंगावर घेतलं. मोठी काकडी आबांनी मनातल्या मनात बियाला धरली आणि रोज सकाळी तिच्यावरून हात फिरवून येऊ लागले. सुनेला सांगायचं तेवढं राहिलं. सांगणं-बजावणं हे त्यांचं खातं कधी नव्हतंच.

ते तरातरा जिना उतरून स्वयंपाकघरात आले. टेबलावर ताटली होती. ताटलीत काकडीच्या गोल चकत्या, वर मीठ.

"या आबा, तुमचीच वाट बघतेय," सून म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "मला रोज धाकधूक, माझ्या हातानं वेल मरतेय की काय. आईंचा हात मला कुठला? आणि बघा तरी, केवढी आली! पहिली चकती तुमची."

कामाला निघालेल्या मुलानं जाताजाता ताटलीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला, लहानपणी घ्यायचा तसा.

"अगं, ही वरची मोठी?" आबांनी विचारलं.

"हो. का?"

"ती बियाची होती."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "मला कुणी सांगितलंच नाही हो," एवढंच ती म्हणाली.

आबांना राग आला होता. खोटं कशाला बोला, चांगला नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. त्यांनी एक चकती उचलली, बी नखानं दाबून पाहिलं. नख अलगद आत गेलं. अगदी कोवळं. याला कसला कोंब फुटतोय! आणि वेल तर बुडाकडून वाळत आली होती, दुसरी काकडी तिच्यावर उरली नव्हती आणि नवं फळ धरायचंही नाव नव्हतं. म्हणजे संपलं. जिनं माहेराहून आणलं ती गेली, आणि तिनं डोळ्यांत तेल घालून जपलेलं बीही गेलं. आबांना एकदम पोरकं झाल्यासारखं वाटलं.

"बी काय, बाजारात ढिगानं मिळतं," मुलगा म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते कळून त्यानं जीभ चावली.

सून ताटली उचलायला लागली.

"राहू दे," आबा म्हणाले. "कापलीच आहेस तर." त्यांनी हातातली चकती तोंडात टाकली.

चावता चावता ते थांबले. मग पुन्हा चावू लागले, सावकाश. गार, करकरीत आणि गोड. मिठाचीसुद्धा गरज नव्हती. याच वेलीच्या काकड्या त्यांनी वर्षानुवर्षं खाल्ल्या होत्या, पण ही चव काही औरच होती.

"कडू आहे का?" सुनेनं रडवेल्या आवाजात विचारलं.

आबांनी मानेनंच नाही म्हटलं. दुसरी चकती घेतली. मग तिसरी. आणि मग त्यांना हसूच फुटलं, डोळे भरलेले असतानाच.

"म्हणजे बघा, जन्मभर हिनं मला दोन नंबरचा माल खाऊ घातला!"

मुलगाही हसला. सून हसावं की रडावं न कळून तशीच उभी राहिली. आबांनी खुर्ची ओढून तिला बसवलं, एक चकती तिच्या हातात दिली, एक स्वतः घेतली. पण तोंडाशी नेलेला हात मध्येच थांबला.

"खा गं," ते म्हणाले. "सगळ्यात चांगली, सगळ्यात चांगली म्हणून राखत राहिली वेडी. तिनंसुद्धा कधी चाखली नाही."