पापाकुऱ्यातला महाभियोग

परदेशातल्या पापाकुऱ्याच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदातून सुटावं आणि दर रविवारी हॅमिल्टनला नातीकडे जावं, एवढीच सुधाकररावांची इच्छा होती. पण त्यांचे तीनही राजीनामे मंडळाने टाळ्या वाजवून फेटाळले होते. शेवटी टीव्हीवरच्या बातम्या बघून त्यांच्या पत्नीने, कांचनताईंनी, भर सभेत त्यांच्यावर महाभियोग आणला.

"यांचं भाषण संपेपर्यंत पुऱ्या गार होतात!"

"हीप्स गार, एकदम थंडगार!" मागून तिथेच वाढलेली तरुण सुमेधा ओरडली. सुधाकररावांनी आनंदाने गुन्हा कबूल केला. ठरावाच्या बाजूने भराभर हात वर झाले, पहिला त्यांचाच.

तेवढ्यात सेक्रेटरी यशोधनने मंडळाची घटना उघडली. "एक नियम आहे हं. नवा अध्यक्ष हात वर करणाऱ्यांतूनच निवडायचा."

सगळे हात एकदम खाली आले आणि खिशात गेले. कांचनताईंनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. विरोधात मत द्यायलाही खिशातून हात काढायचा धोका कोणी पत्करला नाही. सुटकेच्या आनंदात वर गेलेला सुधाकररावांचा हात तेवढा वरच राहिला.

महाभियोग एक विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, आणि नियमाप्रमाणे सुधाकरराव बिनविरोध नवे अध्यक्ष झाले.